मदत हवी आहे: भाऊ जामिनावर सुटलाय, जिल्हा सोडायचा नाही अशी अट आहे. ऊसतोडीला कसं जायचं?

बालाघाटची_लेक

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता यायचं नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातले, केजच्या बाजूचे. माझा धाकटा भाऊ आणि भावजय दरवर्षी कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात. यंदा पेरणीच्या टायमाला धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भावकीत भांडण झालं आणि समोरच्या माणसाचा हात मोडला. कोणाचं खरं, कोणाचं खोटं ते कोर्ट बघेल, त्यावर इथं काही लिहीत नाही. भावावर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२) (हत्यारानं गंभीर दुखापत) लागलं, बरोबर ११५(२), ३५२ वगैरे. अटक झाली. नंतर सत्र न्यायालयानं २५ हजारांचा जातमुचलका (त्याची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार घेऊन सोडलं. आमच्या चुलत्यांनी सातबारा लावला.

आदेशात अटी अशा: दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी १० ते १ ठाण्यात हजेरी. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत स्वतःच्या गावात जायचं नाही. फिर्यादी आणि साक्षीदारांशी कसलाही संपर्क नाही. आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

तो सगळ्या अटी पाळतोय. माझ्याकडंच राहतो, हजेरी एकही चुकवलेली नाही. पण टोळीच्या मुकादमाकडून उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) उन्हाळ्यातच घेतलेली, ती आईच्या ऑपरेशनला गेली. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादम रोज फोन करतोय, "कोयता (ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) येणार का नाही ते सांगा, नाहीतर उचल परत करा." दीड लाख कुठून परत करायचे? भावजयीला एकटीला टोळीत पाठवायला माझं मन तयार नाही, आणि एकटीचा कोयता मुकादम धरणारही नाही.

ठाण्यातले एक हवालदार म्हणाले, "जाऊ द्या त्याला, फक्त रोज मोबाईलवरून लाईव्ह लोकेशन पाठवत जा म्हणावं, आम्ही बघून घेऊ." आमच्या वकिलांचा फोन लागत नाही, लागला तर "बघू" म्हणतात.

काय करावं? हवालदारांच्या शब्दावर गेलं तर चालेल का? अट बदलून मिळते का? आणि आता चुलते म्हणतात की समोरची पार्टी त्यांना त्रास देतेय, मला जामीन काढून घ्यायचाय. तसं झालं तर भाऊ परत आत जाईल का?

---

पाचट

ताई, आमच्या धारूर भागातनं किती तरी पोरं केस असताना जातात. कोणी विचारत नाही. हवालदार म्हणतोय ना जा, मग जाऊ द्या. हंगाम गेला तर वर्ष गेलं.

---

कोर्टकचेरी

पाचट, तुमचा सल्ला मनापासून असेल, पण तो या माणसाला परत तुरुंगात घालू शकतो. मी सत्र न्यायालयात फौजदारी प्रॅक्टिस करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, पहिली गोष्ट: हवालदारांच्या शब्दावर जाऊ देऊ नका. अट कोर्टानं घातली आहे, ती सैल करायचा अधिकार ठाण्यातल्या कोणालाही नाही. उद्या फिर्यादीनं अर्ज दिला की आरोपी जिल्ह्याबाहेर आहे, तर तेच हवालदार कोर्टात "आम्हाला माहीत नाही" म्हणतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम ४८३(३) खाली सत्र न्यायालय जामीन रद्द करून अटकेचा आदेश देऊ शकतं. अट मोडून जामीन गेला की पुन्हा मिळवणं फार जड जातं. "रोजगारासाठी गेलो" हे तेव्हा सांगून भागत नाही, तेच आधी सांगितलं असतं तर कोर्टानं ऐकलं असतं.

लाईव्ह लोकेशनचं म्हणाल, तर ती तुमच्या आदेशातली अटच नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हिटस प्रकरणात साफ सांगितलंय की आरोपीची हालचाल पोलिसांना सतत दिसत राहील अशी अट जामिनावर घालता येत नाही. त्या प्रकरणात गुगल मॅपवर पिन टाकायची अट होती, ती काढून टाकली. तेव्हा लोकेशनच्या बदल्यात जिल्हा सोडायची मुभा, हा सौदा दोन्ही बाजूंनी बेकायदा आहे.

आता उपाय. ज्या कोर्टानं जामीन दिला त्याच कोर्टात अटी शिथिल करण्याचा अर्ज द्यायचा. नुसतं "परवानगी द्या" असं लिहू नका. कोर्टाला माणूस सापडेल याची खात्री हवी असते, ती अर्जातच द्या. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, मुकादमाचं नाव, मुक्कामाचं गाव, निघायची आणि परतायची साधारण तारीख, चालू असलेला फोन नंबर. गेल्या हंगामाच्या पावत्या किंवा मुकादमाबरोबरचा करार असेल तो जोडा. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढलेलं असेल तर तेही जोडा, आईच्या दवाखान्याची बिलंसुद्धा. आणि पर्याय तुम्हीच सुचवा: आठवड्यातून दोनदा इथं येण्याऐवजी कारखान्याजवळच्या पोलीस ठाण्यात पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा हजेरी, आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेला इथं हजर. अशी हमी प्रतिज्ञापत्रावर दिली की नकार देणं कोर्टाला अवघड जातं.

अर्ज टाकल्यावर सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्याचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं मागवतात. त्यात तारखा जातात, म्हणून दसऱ्याची वाट बघू नका. याच आठवड्यात टाका आणि तातडीचं कारण वर ठळक लिहा. सत्र न्यायालयानं नाकारलं तर औरंगाबाद खंडपीठात जाता येतं.

---

गोदाकाठ

मी दुसऱ्या बाजूनं बोलते, राग मानू नका. परभणीत माझ्या वडिलांना असंच धुऱ्यावरून मारलं होतं. आरोपी जामिनावर सुटले आणि संध्याकाळी आमच्या दारावरून मोटारसायकली फिरवायला लागले. साक्षीदार गळायला लागले. कोर्टानं त्यांना गावबंदी घातली तेव्हा आईला झोप लागली. गावात न येण्याची अट उगाच नसते.

तुमचा भाऊ अटी पाळतोय हे वाचून बरं वाटलं. तो कोल्हापूरला गेला तर फिर्यादीच्या घरच्यांना उलट हलकंच वाटेल. हे अर्जात लिहिता येईल का?

---

कोर्टकचेरी

गोदाकाठ ताई, लिहिता येईल आणि लिहावंच. चांगला मुद्दा आहे. आरोपी सहा महिने फिर्यादीच्या गावापासून काही शे किलोमीटर लांब राहणार, म्हणजे साक्षीदारांवर दबावाची शक्यता कमीच होते. सरकारी वकिलांचा विरोध याच मुद्द्यावर बोथट होतो.

बालाघाट ताई, अटींचे शब्द नीट वाचा. गावबंदी "दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत" आहे असं तुम्ही लिहिलंत. हजेरीच्या अटीपुढेही तेच शब्द आहेत, की "पुढील आदेशापर्यंत" आहे? पहिलं असेल तर दोषारोपपत्र दाखल झालं की ती अट आपोआप संपते. लोक तरीही वर्षभर ठाण्यात सह्या करत बसतात, कारण कोणी सांगत नाही. आणि एक लक्षात घ्या, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत आत असलेल्या आरोपीच्या कामाची आहे. आरोपी बाहेर असला की पोलिसांना घाई राहत नाही, दोषारोपपत्र कितीही लांबतं. कोर्टात जाऊन ते दाखल झालंय का ते आधी बघा.

चुलत्यांचं: जामीनदाराला मोकळं व्हायचा हक्क आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८९. त्यांनी अर्ज केला की कोर्ट वॉरंट काढून भावाला समोर आणवतं आणि दुसरा जामीनदार द्यायला सांगतं. देता आला नाही तरच आत जावं लागतं. म्हणून चुलत्यांशी भांडू नका. दुसरा माणूस तयार ठेवा, मग त्यांना अर्ज करू द्या.

---

बालाघाटची_लेक

साहेब, फार उपकार झाले. हजेरीची अट "पुढील आदेशापर्यंत" अशी आहे, आत्ताच आदेश काढून बघितला. दोषारोपपत्राचं कळलं नाही अजून.

दुसरा जामीनदार म्हणून मामा तयार आहेत, पण त्यांची जमीन परभणी जिल्ह्यात, पाथरीला. कोर्टातल्या एका माणसानं सांगितलं की जामीनदार याच जिल्ह्यातला लागतो.

गोदाकाठ ताई, तुमच्या आईबद्दल वाचून जीव कसनुसा झाला. भावाला मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, फिर्यादीच्या पोरींना आपली भीती वाटत असेल असं मनातच आलं नव्हतं.

---

मांजराकाठ

लातूरहून लिहितोय, विधी सेवेचं काम करतो. जिल्ह्याबाहेरचा जामीनदार चालत नाही असं कायद्यात कुठंही नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडं दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि जामीनदार असलेल्या त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो जामीनदार नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी, ते चूक ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. जानेवारी २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी लोकांची सुटका अडते, तशी अट घालू नये. मामांचा चालू सातबारा, आठ-अ, आधार आणि जमल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला घेऊन या. जामीनदाराला आधी कोणाकोणाचा जामीन घेतलाय तेही लिहून द्यावं लागतं, ते खरं लिहा.

तुमचे वकील फोन उचलत नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. ऐपत नसलेल्या आरोपीची फौजदारी केस ते फुकट चालवतात. १५१०० या नंबरवरही फोन करता येतो. आधीच्या वकिलांची ना-हरकत सही घेऊन वकीलपत्र बदला, म्हणजे ऐन तारखेला घोळ होत नाही.

---

पाचट

ताई, मी वर लिहिलेलं मागं घेतो. मुकादमाला सांगा, अर्ज टाकलाय, आठ-पंधरा दिवस थांब. आमच्या टोळीतनं दोन कोयते दिवाळीनंतर आले होते, चालतंय. कराराचा कागद द्यायला मुकादम का-कू करतात. तेव्हा कारखान्याच्या शेती ऑफिसातून पत्र मागा, गेल्या वर्षीचं टोळीचं रेकॉर्ड तिथं असतं.

---

बालाघाटची_लेक

लोक अभिरक्षक कार्यालयात जाऊन आले. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, त्याच दिवशी अर्ज तयार केला. दोषारोपपत्र अजून दाखल नाही. कारखान्याचं पत्र मिळालं, पाचट दादा, तुमच्यामुळं. फिर्यादीला भीती राहणार नाही हा मुद्दा मॅडमनी पहिल्या पानावर घेतला. 'से' साठी पुढच्या बुधवारची तारीख पडलीय. तोवर हजेरी आहे तशी चालू आहे.

एकच विचारायचं राहिलं. परवानगी मिळाली तर तिकडच्या ठाण्यात हजेरी लावताना काय काय जवळ ठेवावं?

---

कोर्टकचेरी

आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, दोन प्रती. एक भावाजवळ, एक तुमच्याजवळ. तिकडच्या ठाण्यात पहिल्याच दिवशी एक झेरॉक्स देऊन पोच घ्या, नाहीतर "आमच्याकडं आदेश आला नाही" म्हणून परत पाठवतात. शंभर पानी वही करा, प्रत्येक हजेरीला तारीख, वेळ आणि ठाणे अंमलदाराची सही-शिक्का त्यात घ्या. सही द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी अर्ज लिहून आवक शिक्का मारून घ्या. महिना झाला की वहीच्या पानांचे फोटो तुमच्या मोबाईलवर मागवा. पावसात कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) कागद भिजतात.