प्रति: केबलच्या जागी मोटर, एवढ्यावर पेटंट?
या शीर्षकाच्या पोस्टमध्ये म्हटलंय की गिअरबॉक्समधलं पार्किंग लॉक (उभी गाडी हलू नये म्हणून दातेरी चाकाच्या खाचेत खटका अडकवणारी यंत्रणा) पूर्वी केबलने ओढलं जायचं, आता तिथे मोटर आली, म्हणजे पेटंट मिळायलाच हवं. नवं असेलही, पण पेटंटचा अर्ज तपासणारा परीक्षक तेवढ्यावर थांबत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का, हेही तो पाहतो. अमेरिकेतला केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटला जरूर वाचा. गाडीतलं पुढेमागे सरकवता येणारं पेडल जुनं, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही जुना. दोन्ही जोडणं उघडच होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवलं आणि पेटंटमधला तो दावा टिकला नाही.

माझ्या मते खरा जीव मोटरीत नाहीच. खटका खाचेऐवजी नेमका दाताच्या टोकावर आला तर? तिथे स्प्रिंग दाबून राहते आणि गाडी जराशी हलली की खटका आत ढकलते. पण ही स्प्रिंगसुद्धा केबलच्या काळातलीच! उतारावर मात्र गाडीचा सगळा भार खटक्यावर येतो, खटका सोडवायला मोठा जोर लागतो, आणि त्यात बॅटरी उतरलेली असली तर? छोट्या मोटरीने हे कसं साधलं, कुठल्या भागाने, ते अर्जातल्या दाव्यात, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागताय त्या भागात, स्पष्ट लिहा. परीक्षकाशी वाद घालायला जागा तिथेच आहे.