पॉल सायमन यांचा ‘इन द ब्लू लाइट’ : मूळ गाणी आधी ऐकावीत का?

मंद्र:
अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांच्याशी माझी ओळख, बहुतेकांप्रमाणे, गायक आर्ट गारफंकेल यांच्यासोबतच्या गाण्यांमुळे आणि पुढे १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ या अल्बममुळे झाली. परवा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह समजून त्यांचा २०१८ चा ‘इन द ब्लू लाइट’ लावला, तर दहापैकी एकही गाणे ओळखीचे निघाले नाही. ही सारी त्यांच्याच एकल अल्बममधील जुनी गाणी असून ती नव्याने ध्वनिमुद्रित केली आहेत, असे नंतर कळले. मूळ गाणी आधी ऐकावीत, की हा अल्बम स्वतंत्रपणे ऐकावा? आणि पंचाहत्तरी उलटल्यावर एखाद्या रचनाकाराला जुन्या गाण्यांवर पुन्हा हात फिरवावासा का वाटावा?

आषाढमेघ:
उत्तर निवडीतच आहे. दहापैकी चार गाणी २००० च्या ‘यू आर द वन’मधील आहेत, त्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठी ग्रॅमी नामांकन मिळाले होते, तरी आज त्याचे नाव क्वचितच निघते. उरलेली सहा १९७३ ते २०११ या काळात विखुरलेली आहेत आणि ‘ग्रेसलँड’मधले एकही नाही. जवळजवळ जमलेली, किंवा वेगळ्या धाटणीची असल्यामुळे त्या वेळी नजरेतून सुटलेली गाणी आपण घेतली, असे सायमन यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांनी वाद्यमेळ आणि स्वरसंगती बदलली, आणि अर्थ पोचत नव्हता तिथे शब्दही बदलले. कवीने दुसऱ्या आवृत्तीसाठी आपलीच कविता पुन्हा तपासावी, तसे हे काम आहे. ७ सप्टेंबरला अल्बम आला आणि २२ सप्टेंबरला, ते जिथे वाढले त्या न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, त्यांच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. हा क्रम लक्षात घेतला की तुमच्या दुसऱ्या प्रश्नातले नवल कमी होते.

केरवा:
मी दोन गाण्यांपुरता मूळ आधी ऐकण्याचा आग्रह धरीन. ‘कान्ट रन बट’ हे १९९० च्या ‘द रिदम ऑफ द सेंट्स’मधील गाणे, तो सबंध अल्बम ब्राझीलच्या तालवाद्यांवर उभा आहे. नव्या रूपात संगीतकार ब्राइस डेसनर यांनी ते ‘वायम्युझिक’ या सहा जणांच्या वाद्यवृंदासाठी बांधले आहे. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बासरी, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एवढ्यांवरच तालाची सारी भिस्त आहे, आणि ती धावपळ तशीच टिकते. मूळ कानात असेल तरच ही करामत कळते. दुसरे गाणे चित्रकार रेने मॅग्रिट आणि त्यांच्या पत्नीवरचे, १९८३ मधले. त्यात जुन्या डू-वॉप (अमेरिकेतील एक समूहगायनाची शैली) गायकवृंदांचा उल्लेख आहे आणि मूळ ध्वनिमुद्रणात ‘द हार्पटोन्स’ हा त्याच परंपरेतला गट मागे गातो. नव्या रूपात ती जागा वाद्ये घेतात. मला ते थोडे पोरके वाटते, पण शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात.

आपल्याकडे बंदीश दर मैफिलीत नव्याने मांडली जाते, तसाच हा प्रकार नाही का?

आषाढमेघ:
केरवा, मला ही तुलना पटत नाही. नव्या मांडणीने आधीच्या मैफिलीतील बंदीश चुकीची ठरत नाही. ती मांडणी प्रत्येक वेळी वेगळी होणार, हे गृहीतच असते. इथे मात्र रचनाकार मूळ ध्वनिमुद्रणात काहीतरी राहून गेल्याचे मान्य करतो आहे. आणि हा दावा सगळीकडे सिद्ध होतो, असे मला वाटत नाही. ‘वन मॅन्स सीलिंग इज अनदर मॅन्स फ्लोअर’ हे १९७३ चे गाणे अलाबामातल्या मसल शोल्सच्या वादकांसोबत झाले होते. त्याच्या खडबडीतपणात दुरुस्त करण्याजोगे काय होते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

मंद्र:
काल रात्री ‘डार्लिंग लोरेन’ दोन्ही रूपांत ऐकले, आधी नवे आणि मग २००० चे. एका लग्नाची ही सहा मिनिटांहून लांब गोष्ट नव्या ध्वनिमुद्रणात थकलेल्या आवाजामुळे अधिक खरी वाटली, म्हणून हे गाणे तरी मी उलट्या क्रमानेच ऐकत राहणार आहे. ‘कान्ट रन बट’चे मूळ मात्र आज केरवा यांच्या सांगण्याप्रमाणे आधी लावतो.