आईसोबत शेगावची पायी वारी : पाठीवर किती वजन घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, आई आणि मी अंजनगाव सुर्जीकडून अकोटमार्गे शेगावला पायी जाणार आहोत. चार दिवस, रोज साधारण वीस-बावीस किलोमीटर. गावच्या दिंडीत सामानाला गाडी असते, पण त्यांची चाल आईला झेपत नाही. म्हणून दोघंच निघतोय आणि सामान आमच्याच अंगावर.

मागच्या वर्षी एकटा गेलो तेव्हा बॅग १३ किलोची होती, माझं वजन ६२. पहिला दिवस आरामात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी खांद्याला मुंग्या आल्या आणि हात असा बधिर झाला की बाटलीचं झाकण उघडेना. तिसऱ्या दिवशी डावा गुडघा धरला. शेवटी अर्धं सामान ओळखीच्या माणसासोबत एसटीनं घरी धाडलं.

या वेळी किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. रिकामी बॅग १.४, चादर-घोंगडी १.८, कपडे २, दशम्या-फुटाणे-जवसाची चटणी १.५, टॉर्च-चार्जर-औषधं ०.८. झाले साडेसात. त्यात तीन लिटर पाणी, म्हणजे सरळ तीन किलो. एकूण साडेदहा.

पाणी कमी करायला हात धजत नाही. अकोट सोडलं की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. तिथल्या हातपंपाचं पाणी घोटभर प्यालं तरी तहान जात नाही, उलट तोंड आणखी कोरडं पडतं. त्या वाटेनं गेलेल्यांनी सांगा, दोन लिटरवर भागतं का? मधल्या गावांत प्यायचं पाणी किती अंतरावर मिळतं?

आता आईचं. तिचं वजन ४६, वय ५६. घोंगडी १.८, लुगडी-कपडे १.७, पोथी आणि टाळ मिळून १.२. टाळ ठेवून जा म्हटलं तर ऐकत नाही, आणि मलाही ते तिच्याकडून सोडवायचे नाहीत. तिची घोंगडी मी घेतली तर माझं ओझं १२.३ होतं. परवा एवढं वजन घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालून पाहिलं, नवव्या किलोमीटरला तोच गुडघा बोलायला लागला. साडेदहावर चौदा किलोमीटर नीट गेले होते.

आई म्हणते, "माह्यं वझं मीच नेतो, तू काहाले इचार करतं?" ती वावरातून गवताचा भारा डोक्यावर आणते हे खरं. पण तो अर्ध्या तासाचा रस्ता, आणि पाठीवर बॅग तिनं कधी घेतलेली नाही. तिला गाठोडं डोक्यावरच घेऊ द्यावं की पाठीवरची सवय आतापासून लावावी? अजून तीन आठवडे हातात आहेत.

स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं चालतं असं वाचलं. माझ्यासाठी ते १२ च्या वर जातं, आणि गुडघा तर तिथंच नाही म्हणतो. हा हिशेब कमरेला पट्टा असलेल्या सॅकचा असतो का? माझी कॉलेजची साधी बॅग आहे, सगळा भार खांद्यावर येतो. दुपट्ट्यानं कमरेला आवळून पाहिली, पण तासाभरात सरकते.

आणि दोघांत एकच घोंगडी नेली तर चालेल का? मुक्काम देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर असतो, माघातली पहाट उघड्यावर बोचते. वडीलधाऱ्यांना घेऊन चाललेल्या दादा-ताईंनी जरूर लिहा. तुमच्यासोबतच्या माणसानं नेमके किती किलो उचलले आणि चौथ्या दिवशी त्यांचे पाय कसे होते, तेवढं कळलं तरी मला ठरवता येईल.