सीटी स्वच्छ आला तरी इन्सुलिनोमा असू शकतो

वर ठाण्याच्या ताईंनी लिहिलंय की आईंची साखर पहाटे ४५ पर्यंत उतरते, खाल्लं की बरं वाटतं, पण सीटी स्वच्छ म्हणून इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली, जास्तीचं इन्सुलिन बनवणारी गाठ) नाही असं सांगितलं. ताई, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. बहुतेक गाठी २ सेंटीमीटरपेक्षा लहान असतात, साध्या सीटीत सहज निसटतात.

आधी रक्तावरून निदान, मग गाठीचा शोध. रुग्णालयात दाखल करून ७२ तासांपर्यंत देखरेखीखाली उपवास करवतात. घरी अजिबात करू नका. लक्षणं दिसून साखर ५५ च्या खाली गेली की ग्लुकोज देण्याआधीच शिरेतून नमुना घ्यायला हवा, नुसता ग्लुकोमीटरचा आकडा चालत नाही. तेव्हा मिलिलिटरमागे इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) ०.६ नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर शरीरच नको तेव्हा इन्सुलिन बनवतंय. त्याच नमुन्यात सल्फोनिलयुरिया, म्हणजे इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची औषधंही तपासून घ्या. घरातल्या कुणाची ग्लिमेपिराइड (त्यातलीच एक गोळी) चुकून घेतली गेली तरी आकडे असेच येतात!

मग आर्टेरियल फेजसह (औषध धमन्यांत असतानाच्या चित्रांसह) स्वादुपिंडाचा सीटी, त्यात न दिसल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी. डोटाटेट पेट (अशा गाठी शोधायचा एक किरणोत्सारी स्कॅन) इथे फसवू शकतो, गाठ असूनही दिसत नाही.

शस्त्रक्रियेत, गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेपासून २-३ मिलिमीटर दूर असेल तर तेवढीच सोलून काढतात. चिकटून असेल तर सोलताना नलिकेला इजा होऊन पाचकरस गळू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं) अमायलेज हे पाचक द्रव्य तपासतात. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कर्करोग केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. कॅल्शियमही तपासून घ्या, मेन-१ (अनेक ग्रंथींत गाठी करणारा आनुवंशिक आजार) सुटायला नको.