गॅस्ट्रायटिस केवळ पथ्याने आणि नैसर्गिक उपायांनी बरा होतो का?

अर्धपोटी

गेले तीन महिने माझ्या पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या बेचक्यात, आग पडल्यासारखी जळजळ होते. सकाळी उठल्याबरोबर मळमळते, चार घास खाल्ले की पोट तुडुंब भरल्यासारखे वाटते आणि पहाटे तीनच्या सुमारास पुष्कळदा जळजळीनेच जाग येते. पाच आठवड्यांपूर्वी एंडोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या भागातील अस्तर सुजलेले असून त्यावर लहान लहान, खरवडल्यासारख्या जखमा आहेत, अल्सर मात्र नाही, असे अहवालात म्हटले आहे; अस्तराच्या या सुजेलाच गॅस्ट्रायटिस म्हणतात. डॉक्टरांनी पँटोप्राझोल हे आम्लस्राव कमी करणारे औषध आठ आठवडे घ्यायला सांगितले होते. मी ते तीन आठवडे घेतले, बरे वाटू लागले म्हणून आपणच बंद केले आणि चौथ्या दिवसापासून जळजळ पहिल्यापेक्षा जोरात परतली.

आयुष्यभर गोळ्यांच्या आधाराने जगायची माझी तयारी नाही, म्हणून आता सगळा भर आहारावर दिला आहे. तिखट, तळलेले आणि आंबट पूर्ण बंद आहे. सकाळी अनशापोटी पेलाभर थंड दूध, दुपारी मऊ भात व उकडलेल्या भाज्या, रात्री झोपताना पुन्हा दूध, असा क्रम दोन आठवडे पाळतो आहे. वजन दोन किलो उतरले, त्रास मात्र आहे तिथेच आहे. कॉफी तेवढी सुटलेली नाही. मानदुखीची गोळी आणि दोन कप कॉफी झाल्याशिवाय मला सकाळी कामाला बसताच येत नाही. कोबीचा रस, ज्येष्ठमध, सफरचंदाचे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांच्याविषयी बरेच वाचले. यांपैकी कोणता उपाय, कोणत्या क्रमाने आणि किती दिवस करावा? ज्यांना स्वतःचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोजूनमापून

आधी दुधाविषयी लिहितो, कारण तुमच्या दिनक्रमात ते दोनदा आले आहे. थंड दूध पोटात गेले की जठरातील आम्ल काही वेळ सौम्य होते आणि आराम पडतो. परंतु दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांच्यामुळेच जठर थोड्या वेळाने आणखी आम्ल पाझरू लागते. झोपताना प्यायलेले दूध आणि पहाटेची जाग यांचा काही संबंध आहे का, हे आठवडाभर रात्रीचे दूध सोडून पाहा. दुधावरचा हा विश्वास जुना आहे. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिपी या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध व मलई आणि मधल्या वेळात आम्लनाशक पूड, असे पथ्य घालून दिले होते, आणि ते पुढे कित्येक दशके चालले. त्यापायी काही रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा झाली, ही त्या पथ्याची कमी सांगितली जाणारी बाजू.

तिखटाने गॅस्ट्रायटिस होत नाही. आधीच सोलवटलेल्या अस्तरावर ते झोंबते, एवढेच. म्हणून चुरचुरत असेल तोवर तिखट टाळावे, जन्मभराची बंदी घालून घेऊ नये. तुमचा आहार मला पथ्यापेक्षा उपासाच्या जवळचा वाटतो. उतरलेले दोन किलो कमी खाण्यामुळे असतील असे मानायला जागा आहे, तरी डॉक्टरांच्या कानावर ते घालाच. अंडी, डाळी, न तळलेले मासे किंवा चिकन, केळी, ओट्स, सोसत असेल तर दही, यांपैकी काहीच बंद करण्याचे कारण नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान खाणी ठेवा आणि रात्रीचे जेवण व झोप यांच्यात निदान तीन तास जाऊ द्या.

मला स्वतःला याहून अधिक उपयोग झाला तो एका वहीचा. तिच्यातली एक नोंद अजून आठवते: "सात वाजता ओट्स व केळे, काही नाही. त्यानंतर एकदम साडेबाराला रिकाम्या पोटी कॉफी. एक वाजता जळजळ, दहापैकी सहा. दोनला जेवण, टोमॅटोसह. तीनला जळजळ दोन." जो टोमॅटो मी वर्षभर ताटाबाहेर ठेवला होता, तो महिनाभराच्या नोंदींमध्ये एकदाही दोषी ठरला नाही, दोष निघाला पाच-सहा तासांच्या खंडाचा आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या कॉफीचा. कॅफीन काढलेली कॉफीही आम्लस्राव वाढवते, त्यामुळे तो पर्याय तितकासा भरवशाचा नाही. कॉफी अगदीच सुटत नसेल तर एका कपावर आणा आणि तो खाल्ल्यानंतर घ्या.

तळटीप

वरील सल्ला योग्य आहे, पण मूळ प्रश्नातले एक वाक्य सर्वांच्या नजरेतून निसटलेले दिसते. "मानदुखीची गोळी" म्हणजे नेमके काय? ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांच्या कुळातली असेल आणि तुम्ही ती रोज अनशापोटी कॉफीबरोबर घेत असाल, तर कोबीचा रस आधी की ज्येष्ठमध आधी, हा प्रश्नच उरत नाही. जठरातले आम्ल इतके तीव्र असते की जठराने स्वतःलाच पचवायला हवे. तसे होत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात आम्लाचा जोर मारणारे बायकार्बोनेट असते आणि अस्तराच्या पृष्ठभागावरील पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. ही सारी राखण प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर चालते, आणि ही वेदनाशामके नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. परिणाम रक्तावाटेही होतो, त्यामुळे जेवणानंतर गोळी घेतली की धोका टळला, असे समजू नये. एक इशारा मात्र आवर्जून देतो: कोणी हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर हे वाचून ती परस्पर थांबवू नये.

दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ मध्ये वेगळा करून वाढवला, तेव्हा आम्लात जिवाणू जगतात हेच बहुतेकांना पटत नव्हते. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंनी भरलेले द्रावण स्वतः पिऊन पाहिले. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि एंडोस्कोपीत गॅस्ट्रायटिस दिसला. २००५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. हा जिवाणू आहारातल्या कोणत्याही पदार्थाने समूळ जात नाही. ब्रोकोलीचे कोवळे अंकुर रोज ७० ग्रॅम याप्रमाणे आठ आठवडे दिल्यावर त्याचे प्रमाण घटल्याचे जपानमधील एका प्रयोगात दिसले होते, पण ते घटलेच, संपले नाही.

गोळी बंद केल्यावर त्रास उसळला, यावरून "सवय लागली" असा निष्कर्ष काढू नका. अशी औषधे काही आठवडे घेऊन एकाएकी थांबवली की दबलेला आम्लस्राव काही काळ उसळी मारू शकतो. शिवाय तुमच्या बाबतीत उपचार निम्म्याहून कमी झाला होता आणि मूळ कारण बहुधा रोज सकाळी पोटात जातच होते. एंडोस्कोपीच्या वेळी तपासणीसाठी अस्तराचा तुकडा घेतला होता का, ते अहवालात पाहून कळवा.

कडूगोड

नैसर्गिक उपायांविषयी विचारले आहे, तर त्यांतले दोन मी स्वतः करून पाहिले असल्याने लिहिते. ज्येष्ठमधाचा मला पहिले दोन आठवडे खरोखर गुण आला. नंतर घोट्यांवर सूज येऊ लागली. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ संध्याकाळी बोट फिरवले तरी हाताला लागायचा. रक्तदाब मोजला तर तोही वाढलेला. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते द्रव्य काढून टाकलेले ज्येष्ठमध गोळ्यांच्या रूपात मिळते, ते त्या मानाने सुरक्षित. रक्तदाबाचा त्रास किंवा गर्भारपण असलेल्यांनी साध्या पुडीच्या वाटेला जाऊ नये.

कोबीच्या रसाची कीर्ती १९४९ मधील गार्नेट चेनी यांच्या लेखापासूनची आहे. त्यांनी तेरा अल्सरग्रस्तांना दररोज सुमारे एक लिटर ताजा रस दिला आणि जखमा लवकर भरल्याचे नोंदवले. तेरा माणसे आणि तुलनेला समोर दुसरा गट नाही, एवढ्या आधारावर रोज लिटरभर कच्चा रस पिण्याचे धाडस मी आठ दिवस केले. पोट इतके फुगले की जळजळ परवडली. शिजवलेला कोबी भाजी म्हणून खावा, औषध म्हणून नको.

व्हिनेगर हे आम्लच आहे, सोललेल्या जागी ते ओतण्यात काय शहाणपण आहे ते मला अद्याप कळलेले नाही. खाण्याच्या सोड्याने तात्काळ थंडावा मिळतो, पण त्यातून वायू सुटतो, सोडियम भरपूर जाते आणि भरल्या पोटी मोठी मात्रा घेणे तर धोक्याचेच आहे. आल्याने मळमळ कमी होते आणि जठर लवकर रिकामे व्हायला मदत होते; तुमच्या सकाळच्या मळमळीसाठी आल्याचा पातळ काढा करून पाहायला हरकत नाही, जळजळ वाढली तर सोडून द्या.

अर्धपोटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोळी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची आहे. सकाळी एक, कामाचा ताण असेल तर संध्याकाळी दुसरी, असे पाच महिने चालले आहे. ती मानेसाठी घेतो, पोटासाठी नाही, म्हणून डॉक्टरांना सांगायचे मला सुचलेच नाही आणि त्यांनीही विचारले नाही. "तळटीप" यांच्या सांगण्यावरून अहवाल पुन्हा काढला. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "बायोप्सी पाठवली आहे, अहवाल नंतर न्यावा" असे छापलेले आहे. मी तो न्यायला गेलोच नव्हतो. काल जाऊन आणला: हेलिकोबॅक्टर पायलोरी आढळला. म्हणजे दोन्ही कारणे एकाच वेळी माझ्या पोटात होती.

डॉक्टरांनी आयबुप्रोफेन थांबवून मानेसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम सांगितला आहे. जिवाणूसाठी पँटोप्राझोल, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असा चौदा दिवसांचा उपचार उद्यापासून सुरू होईल. या काळात खाण्यापिण्याचे काय सांभाळावे?

तळटीप

अहवाल आणलात, हे उत्तम केलेत. चौदा दिवसांत एकही मात्रा चुकवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटेल आणि तुमची मागची सवय डोके वर काढेल, पण अर्धवट सोडलेल्या उपचारानंतर उरलेले जिवाणू त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते. बिस्मथने जीभ आणि शौच काळी पडते, त्याने घाबरू नका. परंतु शौच डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, किंवा चक्कर व धाप लागली, तर बिस्मथवर बोट ठेवून घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. मद्य पूर्ण वर्ज्य. दही किंवा इतर प्रोबायोटिकने या औषधांमुळे होणारे जुलाब काहींना कमी होतात, फक्त वेळ पाळावी लागते. ती का, ते खाली लिहितो. उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करून घ्या, आणि त्या तपासणीआधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद असले पाहिजे, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल "नाही" असा येऊ शकतो.

राहता राहिले तुमचे दूध. त्यातले कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवते आणि औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. दूध, दही, चीज, आम्लनाशक औषधे आणि लोहाच्या गोळ्या या साऱ्यांत आणि टेट्रासायक्लिनमध्ये साधारण दोन तासांचे अंतर लागते. ती गोळी सहसा दिवसातून चार वेळा असते, त्यामुळे दह्याची एखादी वाटी दोन मात्रांच्या मधोमध बसवता येईल, सकाळ-रात्रीचे दोन पेले मात्र बसणार नाहीत. झोपतानाची मात्रा पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेही जखम करते.