पॉइंट टू-टू रायफल: एक लॉट छान बसतो, दुसरा फुटतो. थ्रोट बदलून घ्यावा का?

राधानगरी_रोड:
नमस्कार. मी कोल्हापूरची, बी.कॉम. दुसरं वर्ष. ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) खेळते. एअर रायफल इथंच शिकले, पण पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीच्या) सरावाला पुण्याची बालेवाडी गाठावी लागते. म्हणजे एसटीचे पाच-सहा तास आणि मोजकेच राउंड. रायफल क्लबची आहे, माझ्याआधी तिघांनी वापरलेली.

अडचण अशी. काडतुसांच्या जुन्या लॉटनं (एका खेपेत बनलेल्या मालानं) रायफल रेस्टवर टेकवून दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, १५-१६ मिमी यायचा. तो लॉट संपला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तर ग्रुप २६ मिमी. आठ शॉट ठीक, दोन खाली. परदेशातले नेमबाज स्वतः काडतुसं भरतात आणि गोळीच्या मापानं चेंबरचा (काडतूस बसतं त्या जागेचा) थ्रोट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, कापून घेतात, असं पाहिलं. माझ्या रायफलला नव्या गोळीसाठी रीमर (भोक मापात कापायचं टूल) मारून घेतला तर चालेल का?

प्रोन_५९०:
रीमर अजिबात नको. दोन्ही लॉट एकाच दिवशी, एकाच रेस्टवर मारलेस का? आणि लॉट बदलल्यावर पहिले पंधरा-वीस राउंड सोडून दिलेस का? प्रत्येक गोळीचं वंगण वेगळं असतं. बॅरल नव्या वंगणाला सरावेपर्यंतचा ग्रुप धरायचा नसतो.

उद्यमनगर_टूलरूम:
पोरी म्हटलं तर राग मानू नकोस, माझी लेक तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. ती आठ वर्षं रायफल खेळली आणि मी तिच्यामागं पेटी उचलून फिरलो. उद्यमनगरात तीस वर्षं रीमर घासतोय. त्यामुळं तुझ्या प्रश्नातला ‘रीमर’ वाचला आणि रात्री साडेअकराला लिहायला बसलो.

चेंबर संपतं आणि बॅरलमधले आटे (गोळीला फिरकी देणारे पीळ) पूर्ण उंचीला येतात, त्या दोहोंमधला निमुळता तुकडा म्हणजे थ्रोट. गोळी आट्यात सरळ शिरणार की तिरकी, हे तिथं ठरतं. तू पाहिलंस ते सेंटरफायर रायफलींचं (पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असतो त्या), ३०० मीटरवाल्यांचं. त्यांची गोळी पितळी पुंगळीच्या तोंडात बसते. ती किती आत दाबायची हे भरणाऱ्याच्या हातात, म्हणून गोळी आट्यांना टेकवायची की थोडी मागं ठेवायची हे त्याला ठरवता येतं. लांब निमुळत्या नाकाची गोळी आणि आखूड गोलसर गोळी एकाच थ्रोटला सारखी भेटत नाहीत, म्हणून ते लोक आधी गोळी निवडतात आणि मग थ्रोट कापतात. वर तापलेल्या वायूनं तो थ्रोट झिजत पुढं सरकतो, मग गोळीही थोडी बाहेर काढून बसवत जायची.

आपल्या पॉइंट टू-टूत यातलं काहीच हातात नाही. गोळीचा व्यास पुंगळीएवढाच, फक्त तिची टाच पुंगळीत शिरलेली. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला. उडालेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. आणि आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला किंवा हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. माझ्याकडं लेथ आहे, रीमर आहे, हात आहे. तरी लेकीच्या रायफलला मी कधी टूल लावलं नाही. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही.

म्हणून आपल्याकडं हिशोब उलटा: थ्रोट आहे तो आहे, त्याला मानवणारा लॉट शोधायचा.

पण आधी थ्रोट स्वच्छ आहे का ते बघ. तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘तिघांनी वापरलेली’. पुंगळीच्या तोंडापुढं काजळी, शिसं, वंगण आणि मसाल्यातल्या काचेची पूड साचून कडक कडं तयार होतं. लेकीच्या रायफलला तेच झालं होतं. पॅच (साफसफाईचा कापडी तुकडा) चेंबरमधून पुढं जाताना अडायचा आणि मग एकदम सुटायचा, मी तो आटेच समजत होतो. ग्रुप २४ मिमीवर गेला तेव्हा तिच्या खांद्याला दोष दिला, पट्टा बदलायला लावला. अजून वाईट वाटतं त्याचं. ते कडं काढायला तीन संध्याकाळी लागल्या: ब्रॉंझ ब्रश, सॉल्व्हंट, भिजू देणं, पुन्हा ब्रश. रॉड कायम मागून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून. घाई करून खरवडलंस तर थ्रोटच खराब होईल. नंतर वीसेक राउंड इकडंतिकडं गेले, मग ग्रुप १७ वर आला.

दुसरी तपासणी फायरिंग लाइनवरच, नळी टार्गेटकडं, कोच शेजारी असताना. राउंड घालून बोल्ट बंद कर आणि न झाडता हळू बाहेर काढ. मॅच चेंबरमध्ये बोल्टच गोळीला आट्यांत थोडं दाबतो, त्यामुळं शिशावर आट्यांचे बारीक ठसे दिसतात. भिंगातून बघ. ठसे चहूबाजूंनी सारखे हवेत. एकाच बाजूला खोल असतील तर गोळी तिरकी बसतेय. दोन्ही लॉटचे ठसे शेजारी ठेवून बघ. एली कंपनीची टेनेक्स गोळी पुढून चपटी, लापुआची गोळी गोल नाकाची. एकाच थ्रोटमध्ये त्यांचे ठसे वेगळे पडणारच. गोळी आट्यांत अडकून पुंगळी एकटीच बाहेर आली तर थांब, कोचला दे.

आता तुझे दोन खालचे शॉट. ही गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरनं जाते. एखादीचा वेग १० मीटरनं कमी भरला, तर ५० मीटरवर ती ढोबळमानानं ७ मिमी खाली लागते. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी ८ मिमीवर. म्हणजे तुझा जवळजवळ एक गुण गेला, आणि त्यात ना तुझी चूक ना थ्रोटची. थ्रोट बिघडला की शॉट चहूकडं फुटतात. नुसते खाली जात असतील तर मला आधी लॉटचा संशय येतो. नाव तेच, डबा तोच, तरी लॉट बदलला की गोळी बदलते. पंच झिजतो, शिशाची तार बदलते, दारूची बॅच बदलते. हे मी रोज माझ्याच मशीनवर बघतो. उगीच नाही लापुआसारख्या कंपन्या जर्मनीत शोनेबेकला रायफल पकडीत धरून लॉट तपासून देत.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकहून ब्रॉंझ आणलं, तेव्हापासून माझ्याकडं कुणी ना कुणी पालक रायफल घेऊन येतोच, आणि प्रत्येकाला वाटतं मी काहीतरी कापून देईन. मी त्यांना चहा पाजतो आणि साफसफाई शिकवतो.

राधानगरी_रोड:
काका, रविवारी जाऊन आले. पॅच अडत होता, तुम्ही लिहिलंय तसाच. कोचसोबत दोन दिवस साफ केलं. वीस राउंड सोडून दिले, मग प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे चार ग्रुप. जुन्या लॉटचा एकच डबा मैत्रिणीकडं मिळाला, त्याचा सरासरी १५. नवा २२, अजूनही एखाद-दुसरा खाली. ठसे दोन्हींचे चहूबाजूंनी सारखे. क्लबच्या कपाटात तिसऱ्याच लॉटचे चार डबे पडून होते, ते १४ वर बसले!

उद्यमनगर_टूलरूम:
मग थ्रोट चांगला आहे, त्याला विसर. त्या तिसऱ्या डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिही, फोटो काढ आणि क्लबच्या सेक्रेटरींना आजच फोन कर. तोच नंबर शिल्लक असेल तर वर्षाचे राउंड एकदम घ्यायला सांग. २२ वाले सरावात होल्डिंगसाठी (रायफल स्थिर धरायला) वापर, मॅचला नकोत.

प्रोन_५९०:
आणि त्यातले उरलेले डबे आता फोडू नकोस. स्टेट चॅम्पियनशिपला लागतील.