जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहावीत की मूळ फोटोला हातच लावू नये?

शिसपेन्सिल
घरातले जुने फोटो आवरायला घेतले की पहिला वाद यावरून होतो. माझं मत सरळ आहे: नाव फोटोवरच हवं, मागच्या बाजूला. वही हरवते, फाइल कुठल्या डिस्कवर होती ते कुणाला आठवत नाही. कागदाच्या पाठीवरचं नाव मात्र फोटोबरोबरच राहतं. ज्या फोटोतलं कुणीच ओळखू येत नाही, तो घर बदलताना रद्दीत जातो.

रीत अशी. जुने कृष्णधवल फोटो साध्या कागदावर छापलेले असतात, त्याला २बी किंवा ४बी अशी मऊ शिशाची पेन्सिल पुरते. टोक थोडं बोथट करा. फोटो उपडा करून काचेवर ठेवा, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यावर नको. खाली मऊ असलं की अक्षरं पुढे उमटतात. लिहायचं ते कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या मागे, चेहऱ्यांच्या मागे नाही. बॉलपेन नकोच.

कोरापुठ्ठा
हे अर्ध्याच फोटोंना लागू पडतं. १९७० च्या दशकापासून रेझिन लेपाचा कागद आला. त्याची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत, पेन्सिल तिच्यावर घसरते. मग माणूस जोर लावतो आणि पुढच्या थरावर वळ उठतो. शाईचं पेन घेतलं तर ती वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात फोटो एकावर एक ठेवले की वरच्याच्या पाठीवरचं नाव खालच्याच्या तोंडावर.

शिवाय नाव चुकलं तर? शाई खोडता येत नाही आणि पुढची पिढी ते प्रमाण मानते. नाव पाकिटावर लिहा. पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर या प्लॅस्टिकचं, पीव्हीसी प्लॅस्टिकचं अजिबात नको, त्यातून आम्ल सुटतं. कागदी पाकीट असेल तर आधी लिहायचं, मग फोटो आत घालायचा.

शिसपेन्सिल
पाकिटातून फोटो काढून चार जण बघतात आणि परत घालताना अदलाबदल होते. मग पाकिटावरचं नाव खोटं बोलायला लागतं, ते कोऱ्या पाठीपेक्षा वाईट. लेपाच्या कागदासाठी स्टॅबिलो ऑल पेन्सिल मिळते, जोर न लावता उमटते. ओल लागली की फिसकटते, हे मान्य.

टिफवाला
दोघेही कागदावरच अडलात. रंगीत फोटोतले रंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा उडत राहतात, म्हणजे पाठीवर नाव शाबूत आणि पुढे फिकट लाल धूसर डाग. आधी स्कॅन करा. ४×६ इंची फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरे, २×३ इंची असेल तर १२००. दोन्हीकडे २४००×३६०० पिक्सेल मिळतात. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात, साधारण २६ एमबी. पाठसुद्धा स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नाव फाइलच्या आत, आयपीटीसीच्या (फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवायच्या ठरावीक रकान्यांच्या) वर्णनाच्या रकान्यात. चूक सापडली तर दुरुस्त करा, फोटोला ओरखडाही नाही.

कोरापुठ्ठा
आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की आतलं वर्णन गळून पडतं. कुटुंबात फोटो फिरतात ते तिथेच.

टिफवाला
डॉक्युमेंट म्हणून पाठवा, टिकतं. तेवढं कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून वाटायच्या जेपीजी प्रतीत खाली पांढरी पट्टी वाढवून नावं चित्रातच टाकायची. टिफ तसंच ठेवायचं. एक सावधगिरी: काही अ‍ॅप चेहऱ्यांना दिलेली नावं फाइलमध्ये न लिहिता स्वतःच्याच डेटाबेसमध्ये ठेवतात. अ‍ॅप गेलं की नावं गेली. एक फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून खात्री करा, मगच पुढच्या हजार भरा.

चिमटा
कुठे लिहायचं यावर एवढी हमरीतुमरी, पण लिहायचं काय? बहुतेक पाठींवर ‘आजी, काका, बाळू’ असतं. कुणाची आजी? लिहिणाऱ्याची नात ते वाचेल तेव्हा नातंच बदललेलं असेल. पूर्ण नाव लिहा, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्ही. रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे, आणि ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. ओळख न पटलेल्या माणसाची जागा गाळायची नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. नाहीतर पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात. साल माहीत नसेल तर ‘अंदाजे १९५५–६०’. आणि ओळख कुणी पटवली तेही, म्हणजे शंका आल्यावर वजन ठरवता येतं.

माझं मत विचाराल तर पाठीवर फक्त क्रमांक आणि मुख्य नाव. बाकी सगळं फाइलमध्ये, त्याच क्रमांकाने.

शिसपेन्सिल
नुसता क्रमांक असता तर कडाडून विरोध केला असता. मुख्य नाव आहे म्हणून चालेल. पण समूह फोटोत ‘मुख्य’ कोण, यावरून घराघरांत भांडणं लागतील.

कोरापुठ्ठा
माझा विरोध कायम. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तर लिहिण्यासाठी म्हणून सोडवूच नका. डिंकाने धरलेला फोटो ओढला की कागद मधून फाटतो. सहज सुटत असेल तर मेण नसलेला दातांचा दोरा कोपऱ्याखालून करवतीसारखा हलवत न्यायचा. अडला तर थांबायचं, पानासकट स्कॅन करायचं. काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच, काचेतूनच स्कॅन. त्यांची नावं लिहायला पाठ उरतच नाही, तेव्हा शिसपेन्सिल, तिथे तुम्ही काय करणार?

शिसपेन्सिल
पानाच्या कडेला लिहीन. पेन्सिलनेच.